हवामानाच्या मॉडेलमध्ये ढग आणि प्रारण यांची सांगड कशी घालतात?

भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : गोल थेंबावर पडलेला प्रकाश कसा विखुरतो याचे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी (Mie) यांनी 1908 मध्येच मांडले, उष्णतेच्या उत्सर्जनाचे नियम त्याहून जुने आहेत, संगणकांची शक्ती तर दर काही वर्षांनी कितीतरी पटींनी वाढते आहे. असे असताना भविष्यातील तापमानवाढीच्या अंदाजात ढगांमुळेच सर्वांत मोठी अनिश्चितता येते, असे का सांगितले जाते? आणि मॉडेलच्या आत ढग आणि प्रारण (म्हणजे ऊन आणि उष्णता यांच्या किरणांतून येणारी-जाणारी ऊर्जा) एकमेकांना नेमके कसे जोडलेले असतात?

मॉडेलच्या याच भागावर मी वीसहून अधिक वर्षे काम करतो आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. प्रारणाचे गणित आज बऱ्याच अंशी सुटलेले आहे. एखाद्या ढगाचा आकार, त्यातील पाणी आणि थेंबांचे आकारमान अचूक दिले, तर त्यातून किती ऊन परत जाईल आणि किती खाली उतरेल हे आपण अतिशय चांगले सांगू शकतो. अडचण अशी आहे की मॉडेलला हा ढग माहीतच नसतो. त्याच्याजवळ असतात त्या शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीच्या चौकटीतील सरासऱ्या, आणि त्या सरासऱ्यांवरून ढगाचे वर्णन रचून ते प्रारणाच्या गणिताकडे सोपवावे लागते. चूक शिरते ती या सोपवण्याच्या टप्प्यावर.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. पृथ्वीवर पडणारे सौर प्रारण सगळ्या पृष्ठभागाच्या आणि दिवसरात्रीच्या सरासरीने प्रति चौरस मीटर सुमारे 340 वॅट असते. त्यापैकी सुमारे 100 वॅट परत अवकाशात जातात आणि उरलेले सुमारे 240 वॅट शोषले जातात. ढग नसते तर परावर्तन सुमारे 47 वॅटनी कमी झाले असते, म्हणजे ढग पृथ्वीवर सावली धरतात. त्याच वेळी ते खालून येणारी उष्णता अडवून सुमारे 28 वॅट बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणजे पांघरूणही घालतात. वजाबाकी केली तर आजच्या हवामानात ढगांचा एकूण परिणाम 20 वॅटच्या आसपास थंडावा देण्याचा आहे. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने पडणारा ऊर्जेचा जादा भार सुमारे 4 वॅटचा आहे. दोन मोठ्या आणि परस्परविरुद्ध आकड्यांच्या वजाबाकीतून जे उरते त्यात थोडासा बदल होणार आहे, आणि तो बदल या 4 वॅटच्या तुलनेत आपल्याला मोजायचा आहे. ढगांच्या सावलीचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला, तरी ती चूक कार्बन डायऑक्साइडच्या संपूर्ण भारापेक्षा मोठी होते.

ही भीती केवळ कागदी नाही. 1989 मध्ये ब्रिटिश हवामान खात्यातील मिचेल, सिनियर आणि इंग्रॅम यांनी एकाच मॉडेलमध्ये फक्त ढगांची मांडणी बदलून पाहिली. ढग केवळ सापेक्ष आर्द्रतेवरून ठरवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड दुप्पट केल्यावर तापमानवाढ 5.2 अंश निघाली. ढगातील पाणी आणि बर्फ यांचा स्वतंत्र हिशेब ठेवला, तेव्हा ती 2.7 अंशांवर आली. ढगातील पाण्याच्या प्रमाणानुसार त्याचे प्रारणविषयक गुणधर्मही बदलू दिले, तेव्हा ती 1.9 अंश झाली. समुद्र तोच, जमीन तीच, हरितगृह वायूही तेच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी सर्वप्रथम हेच तीन आकडे फळ्यावर लिहून दाखवतो.

आता मॉडेलच्या आत जाऊ. वातावरणाचे आडवे चौकोन आणि उभे थर पाडलेले असतात, आणि प्रत्येक चौकोनावरचा उभा स्तंभ प्रारणाच्या गणितासाठी शेजाऱ्यापासून वेगळा धरला जातो. वायूंचे शोषण लाखो वर्णरेषांमध्ये, म्हणजे ठरावीक तरंगलांबींवर, विखुरलेले असते. त्यातील प्रत्येक रेषेचा हिशेब करणे परवडत नाही, म्हणून शोषणाची तीव्रता लहानमोठ्या क्रमाने लावून थोड्या प्रातिनिधिक बिंदूंवर काम भागवले जाते. आरआरटीएमजी ही प्रारणाची पद्धत जगातील अनेक मॉडेल्समध्ये वापरली जाते. तिच्यात दीर्घलहरींसाठी (पृथ्वीची उष्णता) 16 पट्ट्यांत 140 आणि लघुलहरींसाठी (ऊन) 14 पट्ट्यांत 112 बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी वर जाणारा आणि खाली येणारा असे दोनच प्रवाह धरून थरामागून थर सोडवला जातो. हा भाग आज भक्कम आहे. ढग नसलेल्या आकाशासाठी अशा पद्धतींची तुलना रेषागणिक केलेल्या तपशीलवार गणिताशी केली, तर फरक फारच थोडा निघतो.

याच स्तंभात ढग आला की प्रत्येक थरासाठी चार गोष्टी सांगाव्या लागतात : चौकटीचा किती भाग ढगाने व्यापला आहे, त्या ढगात पाणी किती आणि बर्फ किती, कणांची प्रभावी (म्हणजे सगळ्या कणांसाठी प्रातिनिधिक) त्रिज्या किती, आणि हा थर वरच्या-खालच्या थरांशी कसा जुळतो. या चारही गोष्टी मॉडेलच्या दुसऱ्या भागांतून येतात. पाचवी गोष्ट, म्हणजे ढगातील पाणी आडव्या दिशेने किती असमान पसरले आहे, ती बऱ्याचदा कोणी सांगतच नाही.

चौकट म्हणजे काय ते डोळ्यांसमोर यावे म्हणून आपल्याकडचे उदाहरण घेतो. शंभर किलोमीटरची चौकट म्हणजे चिपळूणपासून सातारा ओलांडून फलटणपर्यंतचा पट्टा. जुलैमध्ये चिपळूणला कोसळणारा पाऊस, महाबळेश्वरला जमिनीला टेकलेला ढग, साताऱ्याला भुरभुर आणि फलटणला उघडीप असते. मॉडेलसाठी या सगळ्याचे आर्द्रतेचे मूल्य एक, तापमान एक आणि ढगातील पाण्याचे प्रमाणही एकच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने घडवलेल्या आयआयटीएम-ईएसएम या मॉडेलची वातावरणातील चौकट तर सुमारे 200 किलोमीटरची आहे. हा काही त्या मॉडेलचा दोष नव्हे. शेकडो वर्षांचे हवामान चालवायचे, तर जगभरच्या बहुतेकांना अशाच रुंद चौकटी घ्याव्या लागल्या आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा एका छोट्या हिशेबातून दाखवतो. तो वहीवर करून पाहाच. पाण्याच्या ढगाची प्रकाशीय जाडी, म्हणजे तो प्रकाशाला किती अडवतो याचे माप, ढोबळमानाने अशी निघते : प्रति चौरस मीटर पाण्याचे ग्रॅम गुणिले दीड, भागिले मायक्रोमीटरमधील प्रभावी त्रिज्या. 100 ग्रॅम पाणी आणि 10 मायक्रोमीटरचे थेंब घेतले, तर जाडी 15 येते. थेंबावर आपटलेला प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेने जातो, म्हणून या जाडीचा फक्त 0.15 पट भाग परावर्तनासाठी उपयोगी धरायचा. त्याला क्ष म्हटले, तर परावर्तनाचे प्रमाण क्ष भागिले (2 + क्ष) इतके असते. येथे क्ष 2.25 येतो आणि परावर्तन 53 टक्के.

आता पाणी तेवढेच ठेवा, पण ते असमान पसरू द्या. अर्ध्या ढगाची जाडी 2 आणि अर्ध्याची 28 धरा. सरासरी पुन्हा 15 च. पहिल्या अर्ध्यातून 13 टक्के प्रकाश परत जातो, दुसऱ्यातून 68 टक्के, आणि दोघांची सरासरी होते सुमारे 40 टक्के. पाण्याचा एक थेंबही न बदलता परावर्तन 53 वरून 40 वर उतरले. ढगाच्या माथ्यावर 1000 वॅटचे ऊन पडत असेल, तर 120 ते 130 वॅट एवढा फरक केवळ सरासरी आधी घेतल्यामुळे पडला. कारण उघड आहे : जाडी वाढत जाते तसे परावर्तन आधी झपाट्याने वाढते आणि मग मंदावते, त्यामुळे जाड भागात घातलेले जास्तीचे पाणी वाया जाते. एकसारखा पसरलेला ढग म्हणूनच नेहमी वाजवीपेक्षा जास्त चकाकतो. कॅहलान आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये समुद्रावर कमी उंचीवर पसरणाऱ्या स्ट्रॅटोक्युम्युलस ढगांची मोजमापे घेऊन हा परिणाम दाखवून दिला. त्यानंतर अनेक मॉडेल्समध्ये ढगातील पाण्याला 0.7 सारख्या आकड्याने गुणून प्रारणाकडे पाठवण्याची प्रथा पडली. तो आकडा एका विशिष्ट प्रकारच्या ढगांवरून आलेला होता, तरी तो वर्षानुवर्षे सगळ्या जगाच्या ढगांना लावला गेला, ही गोष्ट मला आजही खटकते.

दीर्घलहरींच्या बाबतीत हिशेब वेगळा पडतो. प्रति चौरस मीटर 40-50 ग्रॅम पाणी झाले की ढग उष्णतेसाठी जवळजवळ काळा होतो. त्यापुढे महत्त्व पाण्याला नसून माथ्याच्या तापमानाला आहे. 27 अंशांची जमीन सुमारे 459 वॅट उत्सर्जित करते. 12 अंश माथ्याचा खालचा ढग 374 वॅट सोडतो. उणे 70 अंशांवर पोहोचलेला गडगडाटी ढगाचा ऐरणीसारखा माथा मात्र केवळ 96 वॅट सोडतो. म्हणून खालचे ढग मुख्यतः सावली देतात, उंचावरचे विरळ, बर्फकणांचे सिरस ढग मुख्यतः पांघरूण घालतात, आणि मॉडेलने ढग कोणत्या उंचीवर ठेवला यावर त्याच्या परिणामाचे चिन्हसुद्धा ठरते.

थर एकमेकांवर कसे बसतात, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. समजा दहा थर आहेत आणि प्रत्येकात वीस टक्के ढग आहे. सगळे ढग एकाखाली एक असतील, तर खालून पाहणाऱ्याला आकाशाचा वीस टक्के भागच झाकलेला दिसेल. ते एकमेकांशी संबंध न ठेवता विखुरलेले असतील, तर 89 टक्के आकाश झाकले जाईल. प्रत्यक्षात जवळचे थर एकमेकांना धरून असतात आणि दूरचे स्वैर. वर्षानुवर्षे मॉडेल्समध्ये सलग थर पूर्ण जुळलेले आणि मध्ये मोकळी हवा आली की स्वैर, असा नियम चालला. हॉगन आणि इलिंगवर्थ यांनी 2000 साली इंग्लंडमधील रडारच्या नोंदींवरून दाखवले की ही जुळणी उंचीतील अंतराबरोबर हळूहळू विरत जाते. हे विरण्याचे अंतर साधारण एक-दोन किलोमीटर धरतात, पण वारा उंचीनुसार किती बदलतो यावर ते अवलंबून असते, त्यामुळे एकच मूल्य सर्वत्र वापरणे मला धाडसाचे वाटते.

असमानता आणि थरांची जुळणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाताळण्याची सर्वांत देखणी युक्ती पिंकस, बार्कर आणि मॉर्क्रेट यांनी 2003 मध्ये सुचवली. चौकटीच्या आत यादृच्छिक पद्धतीने शेकडो उपस्तंभ रचायचे आणि प्रत्येक उपस्तंभात थर एक तर पूर्ण ढगाळ किंवा पूर्ण निरभ्र ठेवायचा. मग प्रारणाच्या प्रत्येक बिंदूला सगळे उपस्तंभ न दाखवता एकेकच उपस्तंभ वाटून द्यायचा. एकेका वेळच्या उत्तरात गोंगाट येतो, पण तो कोणत्याही एका बाजूला झुकलेला नसतो आणि पुढच्या गणनांमध्ये फिटून जातो. या पद्धतीचा मोठा गुण असा की ढगाच्या रचनेविषयीची गृहीतके प्रारणाच्या संहितेतून बाहेर काढली जातात आणि ती स्वतंत्रपणे तपासता येतात. ढगांच्या बाजूंवर पडणारे तिरपे ऊन आणि एका ढगाची दुसऱ्यावर पडणारी सावली मात्र हिच्यातही येत नाही. त्यासाठी युरोपीय मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राच्या ईसीरॅड या संहितेत स्पार्टाकस नावाचा पर्याय उपलब्ध आहे, पण तो महाग पडतो.

आता कणांच्या आकारमानाकडे वळतो. पाणी तेवढेच ठेवून थेंबांची संख्या दुप्पट केली, तर थेंब लहान होतात आणि प्रकाशीय जाडी 26 टक्क्यांनी वाढते. वरच्या उदाहरणात परावर्तन 53 वरून जवळजवळ 59 टक्क्यांवर जाते. धूलिकण आणि धुराचे कण ढगांना उजळ करतात तो हाच मार्ग, आणि ट्वोमी यांनी तो 1970 च्या दशकात मांडला. भारतावरील ढगांसाठी हे आकडे पूर्वी हाताशी नव्हते. पुण्याच्या संस्थेने 2009 पासून केपेक्स या मोहिमेत विमानाने ढगांत शिरून थेंब मोजले आणि महाबळेश्वरला उंचावरील मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली, ते काम या दृष्टीने फार मोलाचे आहे.

बर्फाच्या बाबतीत तर आकारमान म्हणजे काय, यावरच एकमत नाही. षट्कोनी स्तंभ, चकत्या, एकमेकांना चिकटलेले पुंजके यांची त्रिज्या कशाला म्हणायचे? येथे मी स्वतः पाहिलेली एक चूक सांगतो. आम्ही चालवत असलेल्या एका मॉडेलमध्ये मेघभौतिकीचा भाग बर्फकणांचा प्रभावी व्यास देत होता आणि प्रारणाचा भाग तोच आकडा त्रिज्या म्हणून वाचत होता. कण दुप्पट मोठे ठरले, त्यामुळे सिरस ढगांची प्रकाशीय जाडी निम्मी झाली आणि उष्ण कटिबंधातून बाहेर जाणारी उष्णता फार जास्त दिसू लागली. कारण न शोधता बर्फकणांचा खाली पडण्याचा वेग कमी करण्यात आला. कण हवेत जास्त काळ टिकले, बर्फ वाढले, आणि बाहेर जाणारी उष्णता उपग्रहाच्या नकाशाशी छान जुळली. पुढचे कित्येक महिने सगळे समाधानी होते. अखेर क्लाउडसॅट आणि कॅलिप्सो या उपग्रहांच्या रडार आणि लिडार (लेसर किरणांचे रडार) नोंदींशी प्रत्यक्ष बर्फाचे प्रमाण ताडून पाहिले, तेव्हा ते अवाच्या सवा जास्त निघाले. मी एका स्तंभाचे आकडे थरागणिक कागदावर छापून घेतले आणि एककांच्या ओळीवर बोट ठेवले, तेव्हा कुठे उलगडा झाला. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

अशी झाकाझाक जागतिक पातळीवरही घडते. मॉडेलच्या माथ्यावरील ऊर्जेचा ताळमेळ बसवण्यासाठी प्रत्येक गट ढगांचेच काही आकडे जुळवतो, कारण तेच सर्वांत कमी ठाऊक आणि सर्वांत प्रभावी आहेत. परिणामी अनेक मॉडेल्समध्ये उष्ण कटिबंधातील खालचे ढग हवे त्यापेक्षा कमी, पण आहेत तेवढे फार चकचकीत असतात. एकूण परावर्तन बरोबर आणि त्याची कारणे चुकीची. आजचे हवामान जुळते, पण उद्या ढगांचे क्षेत्रफळ बदलेल तेव्हा अशा मॉडेलचा प्रतिसाद चुकेल.

दक्षिण महासागराचे उदाहरण तर जरूर अभ्यासावे. तेथील ढगांत शून्याखाली उतरूनही न गोठलेले पाणी भरपूर असते. जुन्या मॉडेल्समध्ये ते फार लवकर बर्फ होऊन खाली पडत असे, ढग विरळ होत आणि महासागर अवाजवी ऊन शोषून घेई. शिवाय तापमान वाढले की त्या जास्तीच्या बर्फाचे पाणी होऊन ढग उजळत, म्हणजे तापमानवाढीला आळा घालणारा एक परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसे. नव्या पिढीत ही चूक बऱ्याच अंशी सुधारली गेली. जगभरच्या मॉडेल्सची तुलना करणाऱ्या प्रकल्पाच्या सहाव्या फेरीतील (सीएमआयपी-6) काही मॉडेल्सची तापमानवाढ 5 अंशांच्या पुढे गेली, त्यामागे ढगांच्या प्रतिसादातील हा बदल हे एक प्रमुख कारण आहे. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने (आयपीसीसी) 2021 च्या अहवालात अनेक पुरावे एकत्र तपासून ढगांचा एकूण प्रतिसाद दर अंशामागे सुमारे 0.4 वॅट, म्हणजे वाढीला हातभार लावणारा मानला आहे, पण शक्यतेचा पल्ला शून्याच्या किंचित खालपासून सुमारे 0.9 पर्यंत आहे.

मान्सूनविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर आपल्या वाचकांसाठी पुरे होणार नाही. पश्चिम प्रशांत महासागराच्या उबदार भागात ढगांची सावली आणि पांघरूण जवळजवळ एकमेकांना फेडतात, असे 1980 च्या दशकातील उपग्रहांवरून दिसले होते. राजीवन आणि श्रीनिवासन यांनी 2000 साली दाखवले की आशियाई मान्सूनच्या प्रदेशात ही फेड होत नाही. येथील उंच ढग इतके दाट आणि विस्तृत असतात की सावली स्पष्टपणे वरचढ ठरते. अनेक मॉडेल्सना हे साधत नाही. शिवाय जेथे माथ्यावर फेड होते, तेथेही स्तंभाच्या आत ती होत नाही. अडवलेली उष्णता वातावरणाला तापवते आणि हरवलेले ऊन समुद्राला थंड करते. बंगालच्या उपसागरावरचा ढगांचा पट्टा उत्तरेकडे सरकताना हाच फरक त्याला बळ देतो किंवा आवरतो. त्यामुळे मॉडेल तपासताना केवळ वरच्या ताळेबंदावर मी कधीही समाधान मानत नाही, थरागणिक तापण्या-निवण्याचा आलेख मागतोच.

एक-दोन किलोमीटरच्या चौकटी आल्या की प्रश्न मिटेल का? चिपळूण आणि फलटण वेगळे होतील, उंच ढगांची जुळणी मॉडेल स्वतःच दाखवेल. पण स्ट्रॅटोक्युम्युलसच्या माथ्यावरील काही दहा मीटरच्या थरात होणारे निवणे, थेंबांची संख्या आणि बर्फकणांचे आकार हे सगळे तरीही बाहेरूनच सांगावे लागेल. उलट चौकट लहान झाली की शेजारच्या ढगाची सावली आपल्या स्तंभावर पडते आणि स्तंभ स्वतंत्र धरण्याचे जुने गृहीतक डळमळू लागते. मे 2024 मध्ये अवकाशात गेलेल्या अर्थकेअर उपग्रहावर रडार, लिडार आणि प्रारणमापक एकत्र आहेत. ढगाची उभी रचना आणि त्याच ढगातून बाहेर पडणारे प्रारण एकाच वेळी मोजले गेल्याने, सोपवण्याचा नेमका हाच टप्पा तपासणे आता शक्य होत आहे.

तुम्हाला या विषयात काम करायचे असेल, तर पूर्ण मॉडेल चालवण्यापूर्वी एकच स्तंभ घ्या. त्यात 100 ग्रॅम पाण्याचा एक ढग ठेवा आणि आधी वहीवरच्या सूत्राशी उत्तर ताडून पाहा. मग पाणी असमान करा, दुसरा थर आणा, तो आडवा सरकवा, कणांची त्रिज्या बदला, आणि प्रत्येक वेळी माथ्यावर, जमिनीवर आणि मधल्या थरांत किती वॅट बदलले ते नोंदवा. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे एकक आणि तो कोणत्या भागातून आला ते लिहून ठेवा. एवढी वही हाताशी असली, की पूर्ण मॉडेलचा नकाशा कोठे बिघडला हे शोधायला सुरुवात कोठून करायची, ते तुम्हाला कळेल.